फ्रीजरमधला पट्टा

"हातमोजे घालून करून दाखव."

हे वाक्य मी मावशींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की ते आपोआप कानात वाजतं. मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. अमेरिकेतल्या बॉथेल गावात आमच्या समोरच्या इमारतीत त्या आणि काका राहत, आणि आम्हा सगळ्या मराठी मुलामुलींच्या त्या मावशी होत्या. कुणी नवा डबा आणून म्हणालं, "मावशी, बघा, झाकण किती घट्ट बसतं," की त्या डबा उलटासुलटा करून परत द्यायच्या. "छान आहे. आता हातमोजे घालून उघडून दाखव." डबा उघडायला हातमोजे कशाला, असं विचारलं की त्यांच्या भुवया वर जायच्या. "काऊन? डबा काय फक्त स्वयंपाकघरातच उघडतोस का?"

त्या मूळच्या अकोल्याच्या. इथे एका औषधं बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये त्यांचं सगळं काम गोठवलेल्या नमुन्यांचं. दिवसभर हातात जाडजूड निळे मोजे आणि समोर उघडताच धुकं सोडणारा फ्रीजर. उघड्या बोटांना सोपं वाटणारं काम थंडीत, मोज्यातल्या बोटांना जमेलच असं नाही, हे त्या रोज पाहत. हा अनुभव लॅबमध्ये ठेवून घरी येणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरीतली एखादी सवय त्यांच्या अंगात इतकी मुरते की भाजी निवडतानाही ती दिसते.

मी मानवतचा. वडील रिक्षा चालवतात, आणि आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. स्टेट कॉलेज नावाच्या इथल्या एका बर्फाळ गावात शिकून बॉथेलजवळच्या रेडमंडला नोकरीवर आलो तेव्हा मला वाटत होतं, आता आपल्याला थंडीचं काय शिकायचं राहिलंय. पहिल्याच आठवड्यात पावसाने बूट असे भिजले की चालताना पचक पचक आवाज यायचा. पार्किंगमध्ये उभा राहून मी फोनवर आईला सांगत होतो, "बूट एकदम मस्त आहेत गं. पाय कोरडे ठणठणीत."

मागून आवाज आला, "आईला खोटं सांगतोस? दाखव बूट."

मी वळलो. बुटक्याशा, गुबगुबीत जॅकेट घातलेल्या एक बाई हात पुढे करून उभ्या होत्या. मला वाटलं बूट मागतायत. त्यांना फोन हवा होता. "ताई, नमस्कार. मी याची मावशी बोलतेय. याचे बूट फाटलेत. मी घेऊन देते, तुम्ही काळजी करू नका."

त्या दिवसापासून आई फोनवर आधी विचारते, "माझी बहीण कशी आहे?" मग मी.

स्नोमोबिल तुम्ही पाहिली नसेल तर बर्फावरची स्कूटर डोळ्यांपुढे आणा. पुढे चाकाऐवजी दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी ट्रॅक. हॅण्डल, सीट, मोठा आवाज. मावशी पहिल्यांदा त्यावर बसल्या त्या पन्नाशी उलटल्यावर, ऑफिसच्या सहलीत. लालबुंद गालांनी घरी आल्या आणि काकांना म्हणाल्या, "अहो, आपण एक घेऊ." काकांना वाटलं, इडलीचा मोठा कुकर. ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "घे की."

अशी ती मशीन आली. जुनी, दोघांना बसता येईल अशी, रुंद ट्रॅकची आणि वजनाला भक्कम. आमच्या ग्रुपमधला निखिल तिला पहिल्या दिवसापासून रोडरोलर म्हणायचा. निखिल पुण्याचा, रेडमंडला नोकरीला, मनाने दिलदार आणि जिभेने आगाऊ. त्याची स्वतःची मशीन निळी, चकचकीत, डोंगर चढण्यासाठीच बनवलेली. "मावशी, तुमच्या रोडरोलरवर एक पाटी लावा, काम चालू, रस्ता बंद." मावशी हसायच्या. "रस्ता कुणाचा बंद पडतो ते बघू ना."

मावशींना एकच गोष्ट हवी होती. डोंगरापलीकडे, पूर्वेच्या उतारावर आम्ही जायचो त्या वाटेच्या टोकाला एक माथा आहे. तिथे लाकडी झोपडी आहे, आत शेगडी आहे, आणि बाहेर उभं राहिलं की चहूकडे फक्त पांढरं. आपल्या मशीनवरून तिथे जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्याचं कारण त्यांनी मला एकदा पोळ्या लाटताना सांगितलं. "अकोल्यात आम्हाला बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी. उन्हाळ्यात पाहुणे आले की बाबा सायकलच्या कॅरियरवर आणायचे. पोत्यात गुंडाळून, वरून लाकडाचा भुसा लावून. घरी येईस्तोवर निम्मी वितळलेली. उरलेल्यावरचा भुसा धुवायचं काम माझ्याकडे. पण भुसा धुवायला गेलं की बर्फच संपे. मग आम्ही भुशासकटच सरबत प्यायचो." लाटणं थांबवून त्या म्हणाल्या, "मला एकदा असा बर्फ बघायचा आहे दत्ता, की जिकडे हात घालावा तिकडे बर्फ, आणि कुठेच भुसा नाही."

"पण मावशी, खाली पार्किंगलाही बर्फ असतो."

"त्यात मीठ आणि डिझेल असतं. तो काय बर्फ आहे?"

आमच्या ग्रुपचा एक नियम होता, आणि तो चांगलाच होता. डोंगरात कुणाला एकटं सोडायचं नाही. एकाची मशीन बंद पडली की सगळे परत. या नियमापायी मावशी दोन हिवाळे अर्ध्या वाटेवरून परतल्या. दोन्ही वेळा त्यांची मशीन ठणठणीत होती. बंद पडली ती दुसऱ्यांची, आणि अडलं ते ओढण्याच्या दोरीपाशी.

पहिल्या वर्षीची दोरी निखिलने ऐनवेळी हार्डवेअरच्या दुकानातून उचललेली. पांढरी. पांढऱ्या बर्फावर खाली ठेवली आणि वळून पाहिलं तर नाही. आम्ही सगळे ओणवे होऊन दोरी शोधत होतो आणि मावशी कमरेवर हात ठेवून म्हणत होत्या, "बाप्पा! बर्फात हरवायलाच आणली होती का रे?" सापडली तेव्हा तिने पहिल्याच हिसक्याला जीव सोडला.

दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवलं, आता नीट अभ्यास करून घ्यायचं. अभ्यास म्हणजे काय, ते आमच्यासारख्या लोकांच्या बाबतीत तुम्ही ओळखलं असेलच. निखिलने एक्सेलची शीट केली. मी तिला रंग भरले. किती वजनाला तुटतो, त्या आकड्यावर सगळे पट्टे उतरत्या क्रमाने लावले. मग ग्रुपवर पोल झाला. सर्वांत वरचा पट्टा भरघोस मतांनी निवडून आला. तो ट्रक ओढायचा होता. हातभर रुंद, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे, उचलायला दोघे लागावेत असा. आम्हाला त्याचा अभिमान वाटला. आमच्या सगळ्या मशीन एकावर एक रचून लटकवल्या असत्या तरी तो तुटला नसता.

तुटला नाहीच. डोंगरात एकाची मशीन बंद पडली तेव्हा पट्टा बाहेर काढला. तो आधीच्या उताराला भिजला होता आणि वर येईपर्यंत गोठून फळीसारखा झाला होता. उलगडेचना. कसाबसा उलगडला तर आकड्याचं तोंड स्कीच्या नळीपेक्षा लहान. निखिलने मोजे काढून खटपट केली. थोड्याच वेळात तो बोटं काखेत दाबून उड्या मारू लागला. शेवटी वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या लोकांनी त्यांच्या साध्या पट्ट्याने आम्हाला खाली आणलं.

परतीच्या गाडीत मावशी म्हणाल्या, "तुमच्या त्या शीटमध्ये थंडीचा रकाना होता का?"

नव्हता.

त्या उन्हाळ्यात काकांनी आणि त्यांनी अकोल्याला परत जायचं नक्की केलं. नोकरी पुरे झाली, काकांचे गुडघे कुरकुरत होते, आणि अकोल्यात धाकट्या बहिणीच्या शेजारचं घर रिकामं होत होतं. निघायचं वसंतात. म्हणजे माथ्यावर जायला त्यांच्याकडे एकच हिवाळा उरला होता. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. पण ग्रुपवर त्यांचा निरोप आला, "या वर्षी पट्टा मी निवडणार. पोल घेऊ नका."

त्यानंतर त्यांच्या घरी जे सुरू झालं ते पाहायला तुम्ही हवे होतात. एका रविवारी त्यांनी आम्हाला साबुदाण्याच्या खिचडीला बोलावलं. दही काढायला म्हणून मी खालचा दरवाजा उघडायचा तो वरचा उघडला. फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाच्या पिशव्या, मटार, गोठवलेली मेथी, आणि त्यांच्या मधोमध वेगवेगळ्या रंगांचे दोर आणि पट्टे, पाण्यात भिजवून, गुंडाळून, गोठवून ठेवलेले.

"परवा नारळ समजून यातला एक मी मायक्रोवेव्हमध्ये घालणार होतो," काका म्हणाले.

"घातला असता तर चटणी मऊ झाली असती का?" मावशींनी विचारलं.

खिचडी झाल्यावर परीक्षा सुरू झाली. परीक्षार्थी आम्ही. मावशींनी प्रत्येकाच्या हातात बर्फातले जाड मोजे दिले आणि डायनिंग टेबलाच्या दोन पायांकडे बोट दाखवलं. "या दोन पायांना पट्टा अडकवायचा. मोजे काढले की नापास."

निखिलने आमचा जुना लोखंडी आकड्यांचा पट्टा घेतला. तो टेबलावर आपटून मोकळा करायला लागला तशी काकांनी खिचडीची पातेली उचलून छातीशी धरली. आकडा अडकेना. माझ्या वाट्याला एक गुबगुबीत, लवचीक दोर आला होता. तो छान अडकला. मी विजयी चेहऱ्याने वर पाहिलं. मावशी म्हणाल्या, "आता ओढ." मी ओढला, तो ताणला गेला, ताणला गेला, आणि मग सुटून टेबल माझ्या गुडघ्यावर आलं.

"अडकलेली गाडी खड्ड्यातून उपसायला हा ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "पण आपल्याला लांब ओढत न्यायचंय. असा हिसके देत राहिला तर मागच्याची मान जाईल."

शेवटी राहिला एक पिवळाधमक, अरुंद, चपटा पट्टा. पाणी फारसं न पिणाऱ्या धाग्याचा, म्हणून गोठूनही वाकत होता. लोखंड कुठेच नाही. एका टोकाला शिवलेला एक फास, दुसऱ्या टोकाला दोन पाय फुटलेले आणि प्रत्येक पायाला एकेक फास. गुंडाळला की हाताच्या पंजाएवढ्या पिशवीत बसायचा. तो मोज्यांनी अडकवायला कुणालाच त्रास झाला नाही.

"हा?" निखिल म्हणाला. "मावशी, हा तर साडीचा फॉल आहे."

"तुझ्या मशीनचं वजन पेलून वर दुपटीने उरेल एवढी ताकद आहे त्यात. बघून घेतलंय मी. ट्रकची ताकद कशाला वाहायची? ट्रक आणणार आहेस का डोंगरात?"

पण मावशींचं समाधान एवढ्याने व्हायचं नव्हतं. पुढच्या शनिवारी पाऊस भुरभुरत असताना त्यांनी मला खाली बोलावलं. इमारतीमागच्या ओल्या हिरवळीवर मुलांची प्लॅस्टिकची घसरगाडी होती. "बस," त्या म्हणाल्या. मी बसलो. आधी त्यांनी पट्टा एकाच बाजूला बांधून ओढलं. मी गोल फिरून झुडपात गेलो. मग दोन्ही बाजूंना दोन पाय बांधून ओढलं. मी सरळ रेषेत निघालो. मग त्यांनी पट्टा आखूड केला, आणि उतारावर मी त्यांच्या पोटऱ्यांवर जाऊन आपटलो. मग फार लांब केला, आणि वळणावर पुन्हा झुडूप.

कुत्र्याला फिरवणाऱ्या एक गोऱ्या आजी थांबून हे सगळं पाहत होत्या. मी तिसऱ्यांदा झुडपातून बाहेर आलो तेव्हा त्यांनी काळजीने विचारलं, "आर यू ओके, हनी? इज दॅट युवर मदर?"

"नो," मी कपड्यांवरची पानं झटकत म्हणालो, "शी इज माय मावशी." आजींनी समजल्यासारखी मान हलवली.

मधल्या मापावर मावशींनी सुईदोऱ्याने लाल खूण शिवली. मग दोन्ही हातांनी पट्टा ताणून पाहिला आणि समाधानाने म्हणाल्या, "झालं. आता कुणाची बंद पडायची ती पडू दे."

डोंगरात निघायच्या आदल्या दिवशी निखिल त्यांच्याकडे आला. मी तिथेच होतो. तो जरा चाचरत म्हणाला, "मावशी, या वेळी वरच्या वाटेला चढ जरा जास्त आहे. तुम्ही खालच्या सोप्या वाटेवर राहिलात तर? काकाही पार्किंगला असतील. म्हणजे रोडरोलर वर बंद पडला तर..."

"बंद पडला तर पट्टा आहे."

"पण ओढणार कोण?"

"जो चालू असेल तो," मावशी म्हणाल्या आणि त्याच्यापुढे चिवड्याची वाटी सरकवली. त्याने ती संपवली. तो वाईट हेतूने बोलत नव्हता. पण दार लागल्यावर मावशी मला हळूच म्हणाल्या, "दत्ता, उद्या खालूनच परत आले ना, तर मग राहिलंच." बस, एवढंच. आणि मोजे वाळलेत का ते बघायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळ निरभ्र होती. काका पायथ्याच्या पार्किंगमध्ये गुडघ्यावर शाल टाकून गाडीत बसले, शेजारी चहाचा थर्मास. आम्ही निघालो. निखिल सर्वांत पुढे, मग ग्रुपमधले दोघं नवरा-बायको भाड्याच्या मशीनवर, मग मी, आणि शेवटी मावशींचा रोडरोलर, एका लयीत धडधडत. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं. दर वळणावर मी मागे वळून पाहायचो आणि मावशी हात वर करायच्या.

माथा झाडांच्या वरून दिसू लागला, झोपडीचं छप्परही दिसलं, आणि तेवढ्यात निखिलची निळी मशीन खोकली. पुन्हा खोकली. मग बंद. त्याने इंजिन सुरू करायची दोरी ओढली, बटण दाबलं, झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा दोरी ओढली. काही नाही. का बंद पडली ते तिथे कळलंच नाही. नंतर दुकानात कळलं की एक क्षुल्लक फ्यूज उडाला होता.

सगळ्यांना नियम माहीत होता. निखिलने हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो मावशींसमोर आला आणि म्हणाला, "सॉरी मावशी. खरंच सॉरी. परत फिरावं लागेल."

मावशींनी हेल्मेटची काच वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग माथ्याकडे पाहिलं. "परत काऊन?"

"माझी मशीन..."

"खाली जायला आलो तेवढी सगळी वाट. झोपडी इथे वर आहे. शेगडी वर आहे. आणि पलीकडून उतरणारी वाट पार्किंगला जवळची, तूच नकाशावर दाखवली होतीस. मग जवळचं काय झालं?"

"पण मधे चढ आहे, मावशी. एवढं वजन घेऊन कोण ओढणार?"

"जो चालू असेल तो," मावशी म्हणाल्या. "रोडरोलर चालू आहे."

त्या फिरून निखिलच्या मशीनपुढे आल्या, आणि खिशातून ती पंजाएवढी पिशवी निघाली. "आधी तुझ्या इंजिनचा बेल्ट काढ. म्हणजे ट्रॅक मोकळा फिरेल, बंद इंजिन सोबत ओढावं लागणार नाही. मग हे दोन पाय दोन स्कींच्या दांड्यांना." निखिलने बेल्ट काढला, पट्टा हातात घेतला आणि घाईघाईत एक मोजा दाताने ओढला. आम्ही सगळे एकदम ओरडलो, "हातमोजे घालून!"

तो दचकला आणि हसायला लागला. मोजा परत चढवला. एक फास या दांड्याला, दुसरा त्या दांड्याला, तिसरा रोडरोलरच्या मागच्या कडीला. बर्फात कडक झालेला पट्टा वाकला, वळला आणि बसला. आम्ही घड्याळ लावलं नव्हतं, पण दुसऱ्या वर्षी आम्ही नुसता पट्टा उलगडायला यापेक्षा जास्त वेळ घेतला होता.

"मी हात वर केला की ब्रेक," मावशींनी निखिलला सांगितलं. "बाकी तू फक्त हॅण्डल सांभाळ. गाणी म्हटलीस तरी चालेल."

रोडरोलर हळूच पुढे सरकला. बर्फात पडलेला पट्टा एकेक वीत वर उचलला गेला, मग पिवळी रेघ ताणून सरळ झाली. हिसका नाही, आवाज नाही. निळी मशीन निमूटपणे मागे निघाली. आम्ही दोन्ही बाजूंनी चाललो होतो आणि मधे हेल्मेटमधला निखिल घोड्यावरच्या नवरदेवासारखा ताठ बसला होता.

शेवटच्या वळणावर चढ उभा झाला. रोडरोलरचा ट्रॅक जागच्या जागी फिरला, मागे बर्फाचा फवारा उडाला, आणि मशीन थांबली. मावशींनी हात वर केला. निखिलने ब्रेक धरला. त्यांनी जोर लावला नाही. त्या खाली उतरल्या आणि ट्रॅकपुढचा भुसभुशीत बर्फ पायाने तुडवू लागल्या. आम्हीही उतरून तुडवू लागलो.

"आता मागून हात लावा," त्या परत बसत म्हणाल्या. "गणपतीचा ट्रॅक्टर चिखलात रुतल्यावर लावता ना, तसा!"

आम्ही निळ्या मशीनला खांदे लावले. कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं आणि त्या वाकलेल्या झाडांनी आमचा "मोरया" ऐकला. ट्रॅक घसरला, धरला, पुन्हा घसरला, आणि मग धरला तो धरलाच. पिवळा पट्टा ताणलेला, लाल खूण माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी धापा टाकत धावत होतो. मग अचानक खांद्यावरचं वजन हलकं झालं. जमीन सपाट झाली होती. आम्ही माथ्यावर होतो.

इंजिन बंद झाल्यावर एवढी शांतता झाली की कान वाजले. चारी बाजूंना डोंगर, त्यांच्यापलीकडे डोंगर, सगळे पांढरे, वर निळं आकाश. झोपडीपाशी बसलेल्या तीन-चार अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या जुन्या मशीनने एवढी नवी मशीन वर आणलेली त्यांनी पाहिली होती. निखिल उतरला आणि सर्वांसमोर मावशींच्या पायाशी वाकला. जाड कपड्यांत त्याला नीट वाकता येईना.

"पुरे रे," मावशी म्हणाल्या. "आधी शेगडीशी जा."

मग त्या थोड्या बाजूला गेल्या, जिथे कुणाच्या पावलाचा ठसा नव्हता. तिथे उभं राहून त्यांनी हातमोजे काढले. दोन्ही. मी त्यांना घराबाहेर थंडीत मोज्यांशिवाय कधी पाहिलं नव्हतं. त्या गुडघ्यावर बसल्या, दोन्ही उघडे हात कोपरापर्यंत बर्फात घातले आणि ओंजळ भरून वर काढली. ओंजळ उन्हात धरून त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली, जशा त्या डबे पाहायच्या.

"दत्ता," त्यांनी हाक मारली. "बघ. भुसा नाही."

त्यांनी तो बर्फ तोंडात टाकला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. बोटं लाल झाली होती. मी मोजे पुढे केले तर म्हणाल्या, "थांब ना. अजून थोडं."

वळणावर सोडलेल्या आमच्या मशीन वर आणून पलीकडच्या वाटेने आम्ही उतरलो, निखिल पट्ट्याला लागूनच. पार्किंगमध्ये काका थर्मास घेऊन उभे होते. पुढे मावशी आणि मागे ओढलेला निखिल पाहून ते म्हणाले, "अगं, गेलीस एक घेऊन, आलीस दोन घेऊन?"

वसंतात त्या अकोल्याला गेल्या. रोडरोलर निखिलने घेतला. आपली निळी मशीन त्याने विकली, आणि रोडरोलरला कुणी रोडरोलर म्हटलं तर तो चिडतो. पिवळा पट्टा मावशींनी मला दिला. विमानतळावर आईला फोन लावून म्हणाल्या, "ताई, याचे बूट आता चांगले आहेत. मी बघितलेत."

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा माथ्यावर गेलो. कुणाची मशीन बंद पडली नाही, तरी निखिलने पार्किंगमध्येच नव्या मुलांच्या हातात जाड मोजे दिले आणि रोडरोलरला पट्टा अडकवून घेतला. एक जण नापास झाला, त्याला पुन्हा करायला लावलं. वर पोचल्यावर फोनला सिग्नलची एक रेघ आली. व्हिडिओ लावला. पलीकडे अकोल्यात मध्यरात्र उलटलेली, अंगणातला दिवा, खाटेवर पसरलेल्या मिरच्या, आणि दिव्याखाली डोळ्यांवर हाताची सावली धरलेल्या मावशी. मी फोन चारी बाजूंना फिरवला. त्या फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "पट्टा ओला झाला का?"

"झालाय, मावशी."

"पिशवीत तसाच ठेवू नको. घरी जाऊन वाळव."

घरी आल्यावर मी तो बाथरूममधल्या पडद्याच्या दांडीवर वाळत घातला. विणीत अडकलेला माथ्यावरचा बर्फ वितळून टबमध्ये थेंब थेंब पडत होता. मी खाली हात धरला. स्वच्छ, गार पाणी.